समुद्रावर नेलेला कूलर

समुद्रकिनाऱ्यावर कूलर घेऊन गेलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझा बाप होता. किनाऱ्यावरच्या लोकांना हे सांगितलं की ते आधी माझ्याकडे आणि मग एकमेकांकडे बघतात. आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या माणसाला सांगितलं तर तो विचारतो, "पंखा किती इंची होता?" त्याला त्यात वावगं काहीच दिसत नाही. उन्हाळा आला की कूलर आलाच, आणि माणूस उन्हाळ्यात जिथे जाईल तिथे त्याच्यामागे कूलर जायला हवा, इतकं ते सरळ आहे.

आमचं दुकान तळेगावला, हमरस्त्याच्या कडेला. पत्र्याचं काम. एरवी धान्याच्या कोठ्या आणि ट्रंका, आणि होळीची राख थंड झाली की कूलर. नव्वदच्या दशकात आमच्याकडे कूलर म्हणजे काय होतं ते आता घरोघरी एसी लावून बसलेल्यांना सांगून पटायचं नाही. मे महिन्यात दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नसे. सगळं गाव आपापल्या कूलरसमोर आडवं झालेलं असे, आणि लाइट गेली की सगळं गाव एकदम "गेली" म्हणे. पत्र्याचं खोकं, तीन बाजूंना गवताच्या ताट्या, खाली पाण्याची टाकी, ते पाणी वर चढवून ताट्यांवर सोडणारा छोटा पंप आणि समोर पंखा. बाहेरची कोरडी, भाजणारी हवा ओल्या गवतातून आत ओढायची आणि गार करून माणसाच्या अंगावर सोडायची. बाबांच्या मते माणसाने लावलेला हा शेवटचा उपयोगी शोध होता. त्यानंतरचे सगळे वेळ घालवायचे उद्योग, आणि त्यात त्यांच्या धाकट्या मुलीचं, म्हणजे माझं, शिक्षणही आलं.

कूलर तपासायची बाबांची स्वतःची पद्धत होती. ताट्या बसल्या, पंखा सुरू झाला, की ते दुकानातल्या गणपतीसमोरची जळती अगरबत्ती उचलत आणि ताट्यांच्या बाहेरून सावकाश फिरवत. धूर सरळ आत ओढला गेला तर ठीक. एखाद्या जागी रेंगाळला तर तिथे गवत दाट झालं आहे, आणि भलत्याच कोपऱ्यात सुळकन शिरला तर तिथे फट राहिली आहे. देवाची अगरबत्ती अशी वापरू नये, असं आई म्हणायची.

"काऊन? देवाले का हवा लागत नाई?" बाबा म्हणायचे, आणि अगरबत्ती परत गणपतीपुढे खोचून ठेवायचे.

घरातली आणखी एक रीत इथेच सांगून टाकते. लेक सासरी निघाली की तिच्याबरोबर कूलर जायचा. भांडी, पलंग, गादी हे चारचौघांसारखं; ते आई बघायची. कूलर मात्र बाबा स्वतः करत. पत्रा जाड, कोपरे पक्के, ताट्या खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या. विक्रीच्या कूलरला ते कुणाला बोट लावू देत नसत, रंगावर डाग पडतो म्हणून. लेकीच्या कूलरला मात्र सगळं झाल्यावर पाच बोटांनी हळदकुंकू लावत, समोरच्या पत्र्यावर, पंख्याच्या खाली. माझी मोठी बहीण हिंगणघाटला दिली त्या दिवशी सगळा मांडव रडत होता आणि बाबा मॅटाडोरवर चढून पंपाची वायर तपासत होते. ताई पाया पडायला आली तर वरूनच म्हणाले, "पंप आधी सुरू करजो, पंखा मंग." लेकीची पाठवणी करताना बाप एवढंच बोलला. मला त्यांचा भयंकर राग आला होता. ताईला आला नाही. तिने मान हलवली आणि गाडीत जाऊन बसली.

मी लग्नाच्या वाटेला न जाता वर्ध्याला भौतिकशास्त्र शिकले, नागपूरला तेच आणखी शिकले आणि तिथून थेट किनाऱ्यावरच्या एका संस्थेत गेले, समुद्रावरच्या हवेचा अभ्यास करायला. तोवर समुद्र मी फक्त नकाशात आणि कॅलेंडरवर पाहिला होता. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, असं आमचे एक जुने मास्तर बाबांना दुकानात येऊन ऐकवून गेले. मास्तरांना बाबांनी चहा पाजला आणि त्यांच्या कोठीचं झाकण सरळ करून दिलं, पण माझ्या बाजूने एक शब्द बोलले नाहीत.

सुटीत घरी आले की मी दुकानात बसायची. तिथे रोज येणारे एक काका होते. आष्टीच्या बाजूला त्यांची संत्र्यांची बाग होती आणि माल दूरदूर पाठवायला ट्रकवाल्यांशी त्यांचं कायम बोलणं चालू असे. विकत ते काहीच घेत नसत. पहिल्याच सुटीत त्यांच्यासमोर बाबांनी मला विचारलं, "तू तठी नेमकं करतं काय?"

"समुद्राच्या पान्याचं तापमान पाह्यतो, अन् त्याच्यावरची हवा."

"मंग थे तर मी इथंच करून राह्यलो," बाबा म्हणाले. "टाकीतलं पानी अन् वरची हवा. समुद्र म्हंजे मोठा कूलर."

"अन् ताट्या कोन बदलते त्याच्या?" काकांनी विचारलं.

दोघं बराच वेळ हसले. मी चिडले. चिडले की मी शिकवायला लागते, ही माझी खोड अजून गेलेली नाही. आमच्या विषयात थंड आणि गरम पाण्याच्या सीमेला मराठीत आघाडी म्हणतात. पण त्या दिवसांत राज्यात आघाड्यांचंच बोलणं होतं आणि हा शब्द काढताच काका कुणाचं सरकार येणार ते सांगायला लागले. म्हणून मी तो टाकून दिला आणि धुरा म्हटलं. दोन वावरांच्या मधला बांध, त्याला आमच्याकडे धुरा म्हणतात.

"समुद्राचं पानी सगळीकडे सारखं नसते," मी म्हटलं. "एकीकडे थंड पान्याचा पट्टा, त्याले लागून गरम पान्याचा. मधात धुरा असल्यावानी."

काका खुर्चीत सरळ झाले. शेजाऱ्याने त्यांचा धुरा पोखरला होता आणि त्यावरून वर्षानुवर्षं भांडण चालू होतं. "हालते का थो धुरा?"

"हालते. कधी इकडे, कधी तिकडे."

"मंग पटवारी काय करते?"

"समुद्रात पटवारी नसते, काका."

"सुखी हाय म्हना समुद्र," काका म्हणाले.

त्या दिवशी मी त्यांना त्यांच्याच रस्त्यावरचं उदाहरण दिलं. तळेगावाहून आष्टीकडे एप्रिलमध्ये गाडीवर गेलं की आधी ओलिताच्या बागा लागतात, मग नांगरून पडलेली कोरडी वावरं. बागेजवळ हवा गार आणि शांत, पान हलत नाही. कोरड्या वावराशी आलं की धुळीचे झोत, आणि वावटळी उठतात त्या नेमक्या तिथेच. ओल्या बागेतून वावटळ उठलेली कुणी पाहिली नाही. याचं कारण असं की वर, उंचावर, वारा नेहमीच जोरात असतो. खाली जमिनीशी घासून तो मंदावलेला असतो. जमीन तापली की तिच्या लगतची हवा वर चढते आणि वरची हवा तिच्या जागी खाली येते. येताना आपला जोर घेऊन येते. जमीन गार असेल तर खालची हवा जड होऊन बसून राहते आणि वरचा वारा वरच्या वर निघून जातो. समुद्रावर हेच होतं, फक्त वावरांच्या जागी पाणी. गार पाण्याचा धुरा ओलांडून वारा गरम पाण्यावर आला की पाण्यालगत त्याचा जोर वाढतो, लाटा खडबडीत होतात, वर ढगांचे पुंजके धरतात. गरमावरून गारावर गेला की पडतो. एक-दोन अंशांचा फरक पुरतो.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पन थे कळून करतं काय?"

मी सांगितलं की पावसाचे ढग समुद्रावरच तयार होतात, तेव्हा हवा तिथे काय करते हे आधी कळायला हवं. त्यावर काकांनी यंदा मृगबहाराला पाऊस कसा आहे ते विचारलं आणि मला सांगता आलं नाही, म्हणून विषय तिथेच संपला.

असं दोन वर्षं चाललं. मग एका हिवाळ्यात मला जहाजावर जागा मिळाली. अशा जहाजावर जागा मिळणं म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला सांगता येत नाही. आमच्यात त्यासाठी लोक वर्षं काढत. पोळा झाल्यावर निघायचं आणि दक्षिणेकडे जायचं. तिथे पावसाळ्यात किनाऱ्यालगत खोलातलं थंड पाणी वर येतं आणि थोडं आत गेलं की गरम पाणी लागतं. मी ज्याच्यावर कागद काळे करत होते तो धुरा तिथे खरोखर असणार होता आणि मी तो ओलांडणार होते. मी संक्रांतीला घरी गेले ती हे सांगायला.

आईने विचारलं, "जहाजावर पोया कोन करते?" तिला वाटलं मला स्वयंपाकाला लावतील. बाबांनी विचारलं, किती दिवस. मी म्हटलं, महिनाभर. बाया किती. मी म्हटलं, मी आणि आणखी एक. मग ते म्हणाले, "पाहू."

बाबांचं पाहू मला लहानपणापासून माहीत होतं. उधारी मागणाऱ्याला ते पाहू म्हणत, कूलर फुकट दुरुस्त करून मागणाऱ्याला पाहू म्हणत. नाही म्हणायचा कंटाळा आला की पाहू. मी त्याच रात्री भांडले, सकाळी पुन्हा भांडले आणि तिळगूळ न घेता बसमध्ये बसले. खरं तर संस्थेला माझ्या बापाची परवानगी नको होती. मी पंचविशीला आलेली बाई होते. परवानगी मलाच हवी होती. त्यांच्या तोंडून "जा" ऐकल्याशिवाय मला सुखाने जाता येणार नव्हतं, आणि याचाच मला जास्त संताप येत होता.

मार्चच्या शेवटी मी राहायची त्या घरासमोर एक ट्रक थांबला. घरमालकीण म्हणजे एक विधवा बाई. तिच्या मागच्या खोलीत मी भाड्याने राहत होते. ती मला हाक मारत आली. बाहेर जाऊन बघते तर ड्रायव्हरशेजारून बाबा उतरत होते, डोक्याला दुपट्टा बांधलेला. मागे संत्र्यांच्या पेट्यांमध्ये, चारी बाजूंनी कडबा लावून, कूलर उभा होता. काकांचा माल किनाऱ्याकडे निघाला होता, त्यात बाबांनी स्वतःला आणि कूलरला बसवून घेतलं होतं.

"हें कपाट कित्याक?" मालकिणीने तिच्या कोकणीत विचारलं, कपाट कशाला म्हणून.

"कपाट नाही, कूलर आहे," मी म्हटलं. तिने पुढे काही विचारलं नाही. कपाट असतं तर तिला जास्त पटलं असतं.

"समुद्र पाह्यला का बाबा?" मी विचारलं.

"दिसला वाटेत," ते म्हणाले. "येवढं पानी, अन् टाकीत टाकाच्या कामाचं नाई. पत्रा खाऊन टाकीन."

कूलर चांगला होता. एवढं मला रागातही दिसलं. जाड पत्रा, खसाच्या ताट्या, कोपऱ्यांना वेगळ्या पट्ट्या. समोर, पंख्याच्या खाली, हळदीकुंकवाचे डाग होते, प्रवासात ओघळलेले. ट्रकवाल्याने वाटेत कुठे नारळ फोडताना यालाही लावलं असेल असं समजून मी ते ओल्या फडक्याने पुसून काढले. बाबा बघत होते. मग खिडकीशी कूलर बसवला, टाकी भरली आणि म्हणाले, "पंप आधी सुरू करजो, पंखा मंग."

"माहीत हाय मले," मी म्हटलं. "दुकानातच वाढली न मी."

त्यानंतर जे झालं ते कुठल्याही किनाऱ्यावरच्या पोराने आधी सांगितलं असतं. मीही सांगू शकले असते, माझा तो विषयच होता. पण बापाने एवढ्या लांबून आणलेल्या वस्तूला आल्याआल्या नावं ठेवायची माझीही छाती झाली नाही. संध्याकाळपर्यंत खोलीतली चादर दमट झाली. पापडाचा डबा उघडला तर पापड रुमालासारखे दुमडले गेले. भिंतीवरच्या कॅलेंडरचे कोपरे वळले. मालकीण डोकावली आणि हात पुढे करून पाऊस पडतो का बघून गेली. गारवा मात्र काडीचा नाही. बाबा बनियनवर कूलरसमोर बसले होते आणि त्यांच्या पाठीवरून घाम वाहत होता.

त्यांनी आधी व्होल्टेजवर शंका घेतली. मग पंप काढून पुन्हा बसवला. मग पाण्याची चव घेतली. शेवटी पिशवीतून अगरबत्तीचा पुडा काढला आणि तिन्ही ताट्यांवरून सावकाश अगरबत्ती फिरवली. धूर सगळीकडून सारखा, सरळ आत जात होता.

"कूलर ठीक हाय," ते म्हणाले. "हवा खराब हाय."

मग मी सांगितलं. आपल्याकडची हवा कोरडी असते, ताटीतलं पाणी ती घटाघटा पिते आणि पिताना गार होते. इथली हवा समुद्रावरूनच जेवून आलेली असते. जेवून आलेल्याला पुन्हा पंगतीला बसवलं तर तो पानावरचं चिवडत बसतो, उचलत काही नाही. बाबा पंख्याकडे बघत राहिले. त्यांचा कूलर त्यांच्या डोळ्यांसमोर फसला होता आणि दोष कुणाचाच नव्हता, हे त्यांना फार जड गेलं असावं. मला त्यांची दया आली आणि मग दया आल्याचाही राग आला.

"म्हंजे समुद्र कूलर नाई," ते म्हणाले.

"दोन वर्षांपासून थेच सांगून राह्यली मी."

"मंग तुहा धुरा दाखव मले."

सकाळी मी मालकिणीच्या दोन पितळी पराती मागून घेतल्या. बर्फ आणला तो मासळीबाजारातून, कारण दुसरीकडे मिळतच नव्हता. आमचं घर माळकरी. बाबांनी दुपट्ट्याचा शेव नाकाला लावला आणि "मासोयीचा हाय का?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. एका परातीत तो बर्फ, तिला चिकटवून दुसरी परात, तिच्यात उकळतं पाणी. कूलरचा पंप बंद, ताट्या काढलेल्या, पंखा सगळ्यात कमीवर आणि लांब. म्हणजे नुसती एक झुळूक परातींवरून जाईल एवढा. बर्फाच्या अलीकडे बाबांनी अगरबत्ती धरली.

बर्फावरून धूर निजल्यासारखा गेला, परातीला लगटून, सपाट. दोन पराती जिथे भिडल्या होत्या तिथपर्यंत तसाच. आणि तिथून पुढे, गरम पाण्यावर, त्याची ताकासारखी घुसळण झाली. खालचा वर, वरचा खाली, कुणाचा कुणाला मेळ नाही. बाबांनी अगरबत्ती खाली नेली, वर नेली, पुन्हा खाली आणली. बर्फ वितळला तर मलाच आणखी आणायला पाठवलं. नाकाचा दुपट्टा कधी खाली आला ते त्यांना कळलंही नाही.

"म्हंजे गरम पानी वरच्या हवेले खाली बोलावते," ते म्हणाले.

"हो."

"अन् गार पानी तिले वरच ठेवते."

"हो, बाबा."

पुढे प्रबंधात हे लिहायला मला कितीतरी पानं लागली. कारण किती, कुठे, कधी आणि कधी नाही, हे सगळं सांगावं लागतं. पण त्या दिवशी खोलीत, मासळीच्या वासात, मला खरंच आनंद झाला. माझं काम घरातल्या माणसाला पहिल्यांदा दिसलं होतं. मला वाटलं, आता ते जा म्हणतील.

बाबा अगरबत्ती विझवून म्हणाले, "जहाज धुऱ्यावरून जाईन, हवा सुटीन, तवा तू कुठं असशीन?"

"वर, डेकवर. यंत्रं तठीच असतात."

"धराले काही असते का?"

"कठडा असते. लोखंडी."

"पत्रा का पाइप?"

"पाइप."

"वेल्डिंग का नटबोल्ट?"

मला माहीत नव्हतं. आणि कठड्याचं वेल्डिंग हा विषय माझ्या आयुष्याच्या प्रश्नाच्या मध्ये आला म्हणून माझा तोल गेला. "बाबा, मी जाऊ का नको, येवढं सांगा," मी म्हटलं. "बाकी राहू द्या."

ते जरा वेळ माझ्याकडे बघत राहिले, आपण काय चुकलो ते न कळलेल्या माणसासारखे. मग म्हणाले, "ट्रकवाला वाट पाहून राह्यला असन." दुपारी ते गेले. जाताना मालकिणीला नमस्कार केला आणि मला म्हणाले, "टाकी सुकवून ठेवजो."

उन्हाळा तसाच गेला. दर रविवारी मी एसटीडी बूथवरून दुकानात फोन करायची. बाबा पावसाचं विचारत, जेवणाचं विचारत, जहाजाचं नाव काढत नसत. मीही काढत नव्हते. हट्टाला आमच्या घरात कुणी कमी नाही. एकदा त्यांनी विचारलं, "कूलर कसा हाय?" मी रागातच होते. म्हटलं, मालकिणीच्या कोंबड्या राहतात त्यात. हे खरं होतं. तिने मागितला आणि मी पडवीत काढून दिला होता. मला वाटलं, लागलं त्यांना.

"मंग तारेची जाई काढून टाकजो," ते म्हणाले. "पाय अडकतात त्याइचे."

पोळा आला. बाबांनी जा म्हटलं नाही. मी गेले. त्यांच्या शब्दावाचून जाते आहे, ही गोष्ट मी बंदरावर पिशवीसारखी हातात धरून होते. मनात असंही पक्कं करून टाकलं होतं की आता त्या घरात आपण पाहुण्या. जहाज हललं तेव्हा बरोबरचे सगळे हात हलवत होते. मी कठड्याच्या जोडावर वाकून बघत होते. वेल्डिंग होतं.

समुद्र लागला, उलट्या झाल्या, दोन दिवसांनी थांबल्या. मग एका सकाळी आम्ही किनाऱ्यालगतच्या थंड पाण्यातून बाहेर निघालो. मी डेकवर होते. पाण्याच्या तापमानाचा आकडा खाली स्थिर होता, हवा दमट आणि सुस्त होती, पाणी मळकट हिरवं. जहाजाच्या धुराड्यातून निघालेला धूर मागे समुद्रावर सपाट पसरला होता, लांबपर्यंत, परातीतल्या बर्फावर निजल्यासारखा. ते बघून मला हसू आलं, आणि लगेच घर आठवून रडूही आलं. मग आकडा चढायला लागला. पाण्याचा रंग निळा झाला. थोड्या वेळाने माझ्या ओढणीचा शेव उडून तोंडावर आला, वाऱ्याचं यंत्र जोरात फिरू लागलं आणि मी मागे वळून पाहिलं तर धुराड्याचा धूर तुटला होता, घुसळून वरखाली होत होता. समोर आकाशात कापसाच्या बोंडांसारखे छोटे ढग लागले होते. फरक काही मोठा नव्हता. एकदा धुरा ओलांडून काही सिद्ध होत नाही; आम्ही तो पुढे पुष्कळदा ओलांडला, आणि एकदोनदा वाऱ्याने आम्हाला दादही दिली नाही. पण त्या पहिल्या वेळी मी एका हाताने यंत्राची दोरी आणि दुसऱ्या हाताने कठडा धरून उभी होते, आणि मला एकाच माणसाला हाक मारून दाखवायचं होतं.

परत आल्यावर बंदराबाहेरच्या पहिल्याच बूथवरून मी दुकानात फोन लावला. कशी आहेस, कधी आलीस, काही नाही.

"सुटली का हवा?" बाबांनी विचारलं.

"सुटली."

"धुऱ्यावरच?"

"धुऱ्यावरच. जहाजाचा धूर तुमच्या अगरबत्तीवानीच दिसत होता."

पलीकडे पत्र्यावर हातोडी चालू होती. बाबा कुणाला तरी म्हणाले, "थांबा बाप्पा जरासे, पोरीचा फोन हाय, समुद्रावरून." हातोडी थांबली. मग मला म्हणाले, "धरलं होतं न?"

"हो, धरलं होतं. वेल्डिंग हाय, बाबा."

"मंग ठीक."

त्या दोन शब्दांनी माझा संक्रांतीपासूनचा राग वर आला. मी म्हटलं, "पन तुमी मले जा म्हटलंच नाई. मी तशीच गेली."

मला वाटलं, लाइन तुटली. मीटरचा लाल आकडा पुढे सरकत होता.

"कूलर आनून दिला न तुले," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं, की एवढं मोठं पत्र्याचं खोकं मला दिसलं कसं नाही. "ताईले देला तसाच. पाच बोटं लावून आनला होता. तूच पुसली थे."

बूथच्या काचेवर बाहेरचा माणूस टकटक करत होता. मी त्याच्याकडे पाठ केली आणि फोन तसाच कानाला धरून उभी राहिले.